हवेचा विरोध नगण्य

आमच्या दगडे सरांना लग्नात शोधणं फार सोपं आहे. मंगलाष्टका सुरू झाल्या की सगळी माणसं पुढं सरकतात आणि दगडे सर मागं सरकतात. पार शेवटच्या खुर्चीमागं, जिथं आचाऱ्याची माणसं हात पुसत उभी असतात, तिथं जाऊन ते डावा पाय पुढं टाकतात, एक डोळा मिटून स्टेजचा अंदाज घेतात आणि ‘सावधान’ म्हटलं की मूठ अशी सोडतात, की अक्षता सगळ्या वऱ्हाडावरून कमान करून थेट नवरानवरीच्या डोक्यावर उतरल्या पाहिजेत. बऱ्याचदा उतरतात. कधीकधी भटजींच्या उघड्या तोंडात उतरतात.

बाकीच्यांच्या अक्षता कुठं पडतात हे आपल्याला ठाऊकच आहे. पुढच्या रांगेतल्या बाईच्या अंबाड्यात. सरांना या गोष्टीचा मनापासून राग. “आशीर्वाद द्यायचा म्हनता, अन् म्होरच्याच्या टकलावर टाकून मोकळे होता,” ते म्हणतात. “पोचला पायजे का न्हाई मॅडम? पंचेचाळीस अंशात सोडायचा. लई लांब जातो.”

मॅडम म्हणजे मी. केजच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते आणि सर फिजिक्स. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी आहेत. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, की मला तुमच्या विषयात अजिबात गती नाही. सर गंभीर झाले. “गती न्हाई म्हंजे तुमी स्थिर हाव,” ते म्हणाले, “त्यालाबी नियम हाय.” तेव्हापासून मी त्यांच्या लेखी स्थिर वस्तू आहे. घरचं, दारचं, वर्गातलं सगळं ते मला येऊन सांगतात, कारण स्थिर वस्तू जागची उठून जात नाही.

आडनाव दगडे आणि आयुष्यभर शिकवलं काय, तर फेकलेला दगड कुठं पडतो. पोरांनी यावरून चिक्कार विनोद करून झाले, आता ते विनोदही पोरांच्या पोरांकडं जातील. अकरावीला प्रक्षेप्य गतीचा धडा आहे. बाकीचे मास्तर तो आठवड्यात उरकतात. आमचे सर त्यात महिनाभर राहतात. त्यांच्या टेबलावर दोन लिंबं असतात. एक लिंबू ते टेबलाच्या कडेवरून सरळ खाली सोडतात, आणि त्याच क्षणी दुसऱ्याला टिचकी मारून लांब उडवतात. पोरांनी डोळे मिटून ऐकायचं. “किती आवाज आले?” “एकच, सर.” “एकच! लांब गेलेलं अन् जागीच पडलेलं, दोनी एकदाच भुईवर. कावून?” कावून ते कुणालाच सांगता येत नाही. मग सर लिंबं उचलून पुसतात आणि सांगायला लागतात.

आमच्या स्टाफरूमची आणि त्यांच्या वर्गाची भिंत एकच असल्यामुळं हा धडा मला पाठ झाला आहे. फेकलेल्या वस्तूची गती दोन भागांत तोडायची. एक आडवी, एक उभी. आडवी आहे तशी चालत राहते, तिला कुणी हात लावत नाही. उभीला मात्र पृथ्वी सारखी खाली ओढत असते. आणि या दोघींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही. “आडवं येगळं, उभं येगळं,” असं सर दर पाच मिनिटांनी म्हणतात. वर्गात, स्टाफरूममध्ये, भाजी घेतानासुद्धा.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे ‘हवेचा विरोध नगण्य माना’. फळ्यावर कुठलंही उदाहरण घातलं, की आकड्यांच्या आधी ही ओळ येते. ती लिहिल्याशिवाय सरांचा खडू पुढं जात नाही. पोरं त्यांना मागं ‘नगण्य सर’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंसुद्धा. चहात साखर कमी पडली तर “नगण्य माना”. प्राचार्यांनी विचारलं, वर्गात पोरं इतकी कमी का, तर “आलेली बघा साहेब, न आलेली नगण्य माना”. एकदा मी तापानं फणफणले होते तर मला म्हणाले, “ताप नगण्य माना,” आणि पाच मिनिटांत स्वतःच मोटारसायकलवरून डॉक्टरकडं घेऊन गेले.

हवेशी त्यांचं हे जुनं वैर. एसटीत जागा धरायची रीत तुम्हाला ठाऊक असेल. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत टाकायचा, म्हणजे ती जागा आपली. सुट्टीच्या आदल्या दिवशी केजच्या स्टँडवर बीडच्या गाडीत रुमालांची नुसती बरसात होते. नुसता रुमाल हवेत लटपटतो, म्हणून सर त्याच्या गाठीत खडूचा तुकडा बांधतात. एकदा गाडी वळण घेऊन येत असतानाच त्यांनी तिचा वेग, खिडकीची उंची असा सगळा हिशेब मनात मांडला आणि रुमाल सोडला. रुमाल नेमका खिडकीतून आत गेला आणि समोरच्या खिडकीतून तितकाच नेमका बाहेर पडला. पलीकडं शेंगा विकणारा एक म्हातारा तो रुमाल घेऊन उठला आणि ओरडला, “कोन बे हितं जागा धरायलाय?” सर बीडपर्यंत उभे आले. मी बसले होते. “हिशेब चुकला का सर?” मी विचारलं. “हिशोब बरोबर हाय,” वरची दांडी धरून ते म्हणाले. “गाडीला दोन्हीकडून खिडक्या असत्यात, ते धरलं न्हाई.”

पण अक्षतांचा त्यांचा अभ्यास मात्र पक्का. तांदूळ त्यांना चालत नाहीत. तांदूळ लांबट, हलका, हवेत गिरक्या घेतो. आमच्याकडं लग्नात ज्वारीच्या अक्षता असतात त्या बरोबर आहेत, ज्वारी गोल आणि भरीव. फुलांच्या पाकळ्या तर अगदी बाद. “पाकळीला हवा सोडतच न्हाई मॅडम. टाकली की तितंच.” अख्खं फूल असेल तर गोष्ट वेगळी. “टपोरा झेंडू घ्या, भिंतीपल्याड जातो. पर त्यो डोळ्याला लागतो, म्हनून लग्नात नको.” असं हे शास्त्र. तुम्ही हसाल, मीही हसायचे. केज तालुक्यात सरांच्या हातच्या अक्षता डोक्यावर पडल्या नाहीत अशा त्यांच्या विद्यार्थिनी फार थोड्या असतील. शिकवलेल्या पोरीचं लग्न म्हटलं की ते काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन, उन्हातान्हात कुठंही जातात, मागं उभं राहून एक मूठ सोडतात आणि कित्येकदा न जेवताच परत येतात.

आता ज्या पोरीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडं येते. सरांना मुलगी झाली तेव्हा त्यांना तिचं नाव गती ठेवायचं होतं. त्यांच्या आईला प्रभावती हवं होतं. शेवटी थोरल्या भावानं दोघांचं मन राखून प्रगती ठेवलं. या थोरल्या भावाला घरीदारी सगळे भाऊ म्हणतात. ते वडवणीकडच्या गावी राहतात आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असतो.

प्रगती अकरावीला आमच्याच कॉलेजात आली. घरी पप्पा आणि वर्गात सर, असं तिनं स्वतःच ठरवून घेतलं होतं. लिंबांचा प्रयोग झाल्यावर डोळे उघडून तिनं विचारलेला प्रश्न मी भिंतीअलीकडून ऐकला आहे. “सर, आन् हवेचा विरोध धरला तर?” असं कुणी विचारलं नव्हतं. सर म्हणाले, “ते पुढच्या वर्गात हाय. सद्या सोड.”

तिच्याच वर्गात राहुल होता. तहसीलमधल्या एका कारकुनाचा मुलगा, शांत, आकृत्या फार सुरेख काढायचा. सरांचा भारी लाडका. प्रगतीचं एखादं उदाहरण अडलं की सर स्वतःच म्हणायचे, “राहुलकडून समजून घे, त्यो कमान लई चांगली काढतो.” म्हणजे ही सोयरीक कुणी जमवली असेल, तर ती खुद्द सरांनीच. दोघंही पुढं पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि एका दिवाळीत प्रगतीनं घरी सांगितलं, की मी राहुलशी लग्न करणार आहे.

राहुलचं घर बौद्ध. सरांचं नाही. यापलीकडं मला काही सांगावं लागू नये, पण आपल्याकडं अजून सांगावं लागतं. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, रडल्या, आणि दोन दिवसांनी भाऊ गावाहून आले.

भाऊ काही दुष्ट माणूस नाही. वडील लवकर गेले, तेव्हा भाऊ कोवळ्या वयाचे होते. कोयता घेऊन ते ऊसतोडीला जायला लागले, हंगामामागून हंगाम कारखान्यांवर पालात राहिले आणि धाकट्याला त्यांनी एमएस्सी केलं. सरांच्या पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी भावाच्या पायावर डोकं ठेवलं होतं, ते अजून पुरतं वर उचललेलं नाही. भाऊंनी आरडाओरडा केला नाही. आईचा फोटो भिंतीवरून काढून पाटावर ठेवला आणि म्हणाले, “अंकुश, हात ठेव. त्या मांडवात पाय ठेवनार न्हाई म्हन. तुबी अन् हिबी.” सरांनी हात ठेवला. वहिनींनीही ठेवला.

हे मला सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा मला भाऊंपेक्षा सरांचाच जास्त राग आला. मी म्हणाले, “अहो, जगाला पंचेचाळीस अंश शिकवता आणि तुम्हाला स्वतःला ताठ उभं राहता येत नाही?” सर टेबलावरचं लिंबू इकडून तिकडं फिरवत राहिले. मग म्हणाले, “भावानं कोयता धरला म्हनून माज्या हातात खडू आला मॅडम. मी काय करू?”

त्यानंतर सर रोज कॉलेजात येत होते, तास घेत होते, चहा पीत होते. कुणी विचारलं, “काय सर, कसं चाललंय?” की म्हणायचे, “आडवं चालू हाय.” लोक हसायचे. मी तो धडा इतकी वर्षं ऐकलेली, त्यामुळं उभ्याचं काय चाललंय ते मला न सांगता कळायचं. माणूस रोज थोडा खाली येत होता. शर्ट सैल झाला. लिंबं वाळून खडखडीत झाली तरी बदलली नाहीत.

लग्न वैशाखात, केजलाच, राहुलच्या गल्लीत ठरलं. मला पत्रिका आली. तिसऱ्या दिवशी सर माझ्यासमोर येऊन बसले. “तुमी जानार हाव ना?”

“जाणार म्हणजे? मुलीकडून कुणी नको का?”

“जा,” ते म्हणाले. “लोकाच्या पोरींवर टाकल्या मॅडम. वरसंन्वरसं टाकल्या. माज्या पोरीवर एक मूठ टाकायची व्हती. दुसरं काय मागत न्हवतो मी.” आमचे बाकीचे सहकारी वर्तमानपत्रात डोकी घालून बसले. थोड्या वेळानं सरांनी विचारलं, “मांडव कुठं हाय?”

“गल्लीच्या पटांगणात. त्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून.”

सरांनी एक डोळा मिटला. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं असेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी वावधान सुटलं. आमच्याकडं वैशाखात असं वेडं वारं येतं, पत्रे उडवतं, धुळीनं घरं भरतं. त्यानं मांडवाचं वरचं कापड पार फाडून नेलं. दुसरं आणायला वेळ नव्हता. लग्न संध्याकाळचं, ऊन नाही, म्हणून स्टेज तसंच उघडं ठेवलं. मी गेले तेव्हा राहुलच्या आईनं माझे दोन्ही हात धरले आणि मला पुढं, अगदी स्टेजजवळ नेऊन बसवलं. मुलीकडची म्हणून मी एकटीच. प्रगती पांढऱ्या साडीत होती. मला बघून हसली, मग माझ्या मागं बघितलं. मागं कुणी नाही हे बघून पुन्हा हसली, आणि ते हसू मला बघवेना.

बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या, वाऱ्यानं विझल्या, पुन्हा लावल्या. त्रिशरण, पंचशील झालं. जयमंगल गाथा सुरू झाल्या तशी पोरींनी परातीतून सगळ्यांना फुलं वाटली. या लग्नात अक्षता नसतात. गाथा म्हणताना फुलं टाकायची. आमच्यातली बहुतेक माणसं असल्या लग्नांना जातात ती जेवणाच्या वेळेला, आहेर देऊन, तोंड दाखवून परत फिरतात, म्हणून त्यांना हे ठाऊक नसतं. आमच्या सरांनाही ठाऊक नव्हतं. पोरींच्या लग्नाला लांबलांब जाणाऱ्या त्या माणसाला आपल्या घरापासून चार गल्ल्या पलीकडच्या लग्नाची रीत माहीत नव्हती.

पहिली गाथा संपली, पाकळ्या उडाल्या आणि वाऱ्यावर कुठल्या कुठं गेल्या. एवढ्यात माझ्या कानापाशी काहीतरी तडतडलं. व्हिडिओवाल्या पोरानं मान झाडली आणि म्हणाला, “ज्वारी कोन फेकायलंय बे?” त्याच्या शर्टावर केशरी रंगवलेले दाणे होते. मी भिंतीकडं बघितलं. जिनिंगची उंच, पोपडे निघालेली भिंत, तिच्यामागं बाभळीचे शेंडे. माणूस कुणी नाही.

पुढच्या गाथेला भिंतीवर एक हात वर आला. नुसता हात, मनगटापर्यंत. पुढं झुकला आणि उघडला.

ते दाणे मी येताना पाहिले. वर चढले, उतरत्या उन्हात चमकले, एक झुळूक आली तसे जरा फाकले आणि उतरले ते प्रगतीच्या डोक्यावर, खांद्यावर, पांढऱ्या पदरावर. सगळे नाही, पण उतरले. प्रगतीनं केसांत हात घातला. एक दाणा काढून बोटांत धरला. फुलांच्या लग्नात ज्वारीचा दाणा. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तिनं भिंतीकडं बघितलं, तेव्हा तो हात अजून तिथंच होता, रिकामा, उघडा.

तिनं शेजारच्या परातीत हात घातला, पाकळ्या बाजूला सारल्या आणि एक टपोरा, अख्खा झेंडू निवडून घेतला. डावा पाय पुढं टाकला. एक डोळा मिटला. त्या भरल्या डोळ्याला काय दिसलं असेल कोण जाणे, पण झेंडू भिंतीपलीकडं गेला. मग राहुलची एक आजी म्हणाली, “पोरीकडची रीत असंल बाई,” आणि तिनंही आपल्या हातातली फुलं भिंतीकडं उडवली. तिचं बघून आणखी चार बायकांनी उडवली. त्यांची सगळी अलीकडंच पडली. मी हसत होते आणि रडत होते आणि कुणी विचारलंच तर सांगायला म्हणून डोळ्यात धूळ गेली होती.

सोमवारी सर माझ्या आधी येऊन बसले होते. “पोचल्या का?”

“पोचल्या,” मी म्हणाले.

“मला दिसत न्हवतं काय. नुसत्या गाथा ऐकू यायलत्या. भुईवर पडलेल्या विटा रचून उभा व्हतो.” ते पुढं वाकले. “पैली मूठ का दुसरी?”

“पहिली व्हिडिओवाल्यावर. दुसरी तिच्या डोक्यावर.”

“पैली माजी व्हती,” ते म्हणाले. “दुसरी तिच्या आईची. तिनं घरून फडक्यात बांधून दिलती, म्हनली, माजी म्हनून टाका. माजी वाऱ्यानं नेली बघा. आईची पोचली.” मग त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. त्याच्या गाठीत अजून खडू होता. “पर शपत मोडली न्हाई मॅडम. मांडवात पाय ठेवला न्हाई. अक्षतांला पाय नसत्यात.”

“आणि झेंडू?”

“डोक्यात बसला,” सर म्हणाले. “नेमका. पोरीनं अंश बरोबर घेतला.” एवढं बोलून ते उठले आणि तासावर गेले. त्या दिवशी भिंतीपलीकडून ‘हवेचा विरोध’ एवढंच ऐकू आलं. पुढचा ‘नगण्य’ ऐकायची मी बराच वेळ वाट बघितली.

तो झेंडू वहिनींनी वाळवला. मृगाचा पाऊस झाल्यावर दारापुढच्या फुटक्या हौदातल्या मातीत चुरगाळून टाकला. प्रगतीचा फोन येतो, वहिनी न्हाणीत जाऊन हळू आवाजात बोलतात. पुण्याहून केजला ती सासरी येते, पण आईवडिलांच्या दारात येत नाही. भाऊंच्या कानावर गेलं तर पप्पांना त्रास होईल म्हणून. चार गल्ल्यांवर राहून जाते.

दसऱ्याला मी सोनं द्यायला सरांकडं गेले. दारावर झेंडूचं भलं मोठं तोरण होतं आणि हौद नुसता केशरी झाला होता. आत बाजेवर भाऊ बसलेले. तहसीलला काही काम होतं म्हणून आदल्या दिवशीच आले होते. आता बरेच थकलेत. मी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मग तोरणाकडं बघत ते कौतुकानं म्हणाले, “अंकुश, झेंडू लई टपोरा हाय रे. बी कुठलं हाय?”

वहिनींनी चहाची कपबशी भाऊंपुढं सरकवली. सर उंबऱ्यात उभे होते. ते तोरणाकडं बघत म्हणाले, “वाऱ्यानं आलं, भाऊ.”

“वाऱ्यानं?” भाऊ हसले. “मग वारं चांगलं हाय की तुमच्याकडचं. मला दे थोडं. गावाकडं दाराम्होरं लावतो.”

वहिनी उठल्या. हौदातली वाळलेली चार बोंडं तोडून आणली आणि भाऊंच्या खांद्यावरच्या गमज्याच्या टोकाला स्वतः गाठ मारून बांधली. गाठ मारायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. भाऊ निघाले, तसे सर आणि मी त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेलो. भाऊंनी जीपमधून हात हलवला. गमज्याचं ते टोक वाऱ्यावर उडत होतं. जीप वडवणीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी सर तिथंच उभे.

“फूल गेलं घरात,” ते म्हणाले. “माजी पोरगी कवा जाईल मॅडम?”

मी म्हणाले, “हिशेब काढा की सर.”

सरांनी सवयीनं एक डोळा मिटून रस्त्याकडं बघितलं. मग तोही उघडला.

“प्रगतीनं इचारलंतं एकदा. हवेचा विरोध धरला तर? मी म्हनलं, ते पुढच्या वर्गात हाय.” ते घराकडं वळले. “मला ते येत न्हाई मॅडम. कधी आलंच न्हाई. म्हनून तर सोडून देत व्हतो.”